मुठीचं माप

"हात दे इकडे," नवनाथ म्हणाला.

दीपमालाने उजवा हात पुढे केला. डाव्या हातात चहाचा कप तसाच राहिला. नवनाथने ओल्या शाडूचा गोळा तिच्या तळव्यावर ठेवला. "दाब. कांदा चिरताना सुरी धरतेस तशी."

ती अडखळली. कांदा चिरताना सुरी कशी धरायची ते हाताला पटकन आठवेना. मग तिने बोटं मिटली. नवनाथने गोळा अलगद सोडवून घेतला आणि खिडकीत वाळत ठेवला.

"माझ्यासाठी आहे ही सुरी?"

"मग कुणासाठी?" असं म्हणून तो पुन्हा कामाला लागला.

मागच्या उन्हाळ्यात नवनाथने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. शाळेतली मीटिंग रद्द झाली म्हणून दीपमाला लवकर घरी आली, म्हणून तो वाचला. लोक कारण विचारायचे. ती काय सांगणार? नोकरी चांगली होती. अंबडच्या कारखान्यात डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. इंदिरानगरमध्ये स्वतःचं रो-हाउस होतं, मुलगी चैताली पुण्यात शिकत होती. डॉक्टर म्हणाल्या, हा आजार आहे. औषधाने बरा होतो, पण वेळ घेतो.

तो दवाखान्यातून घरी यायच्या आत दीपमालाने घरातल्या सुऱ्या, विळी, कात्र्या, दाढीची पाती, सगळं गोळा करून शेजारच्या मंगलाबाईंकडे नेऊन ठेवलं. तेव्हापासून या घरची भाजी मंगलाबाईंकडे विळीवर चिरली जायची. घाई असली की ती कांदा बुक्कीने फोडायची. ती शाळेत असेल तेवढा वेळ तिचे वडील, भिकनअण्णा, राजीवनगरहून स्कूटरवर येऊन बसायचे. पेपर वाचायचे, जावयाशी क्रिकेटवर बोलायचे. आपण का येतो ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. जावयानेही विचारलं नाही.

औषध लागू पडलं. नवनाथ जेवू लागला, झोपू लागला. डॉक्टरांनी हाताला काहीतरी काम शोधायला सांगितलं, तेव्हा त्याने मागच्या अंगणातली पत्र्याची शेड झाडून काढली, लोखंड पकडायचा व्हाइस बसवला, छोटी भट्टी मांडली आणि भंगारवाल्याकडून जीपच्या कमानीचा एक पोलादी पाटा आणला.

"सुरी करतो," म्हणाला.

 दीपमालाने गच्चीवर जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

"करू द्या की," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांची तब्येत सुधारली आहे. आता तुम्ही पहारा जरा सैल करा, मॅडम. मागच्या वेळीही मी हेच सांगितलं होतं."

ते तिला जमत नव्हतं. पाटा कापायला घेतला तेव्हा ती चहा घेऊन गेली. पात्याचा आकार काढायला लागला तेव्हा दोरीवरचे कपडे काढायला गेली, ते ओले होते. पातं भट्टीत लालभडक करून त्याने तेलात बुडवलं, भसकन जाळ उठला, तेव्हा ती दारातच उभी होती. बाकीचा वेळ ती घरातून कानशीचा आवाज ऐकायची. आवाज थांबला की हातातलं काम टाकून मागच्या दाराशी यायची. पुन्हा सुरू झाला की परत फिरायची. अलीकडे तो फारसा थांबतही नसे. पोळ्या लाटून व्हायच्या, वह्या तपासून व्हायच्या, तरी मागे खर्र खर्र चालूच. एवढं काय घासायचं राहिलंय, असं तिच्या मनात यायचं. पण आवाज चालू आहे तोवर बरं, म्हणून ती विचारायची नाही.

एका रविवारी सकाळी नवनाथ फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन स्वयंपाकघरात आला. त्याने ती ओट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

दीपमालाने फडकं उलगडलं. पात्यात खिडकीचे गज दिसत होते. मूठ शिसवीची, पितळी खिळे मारलेली. तिने ती हातात धरली. तिची करंगळी लहानपणी दारात चेमटून जराशी वाकडी झाली होती. मुठीत त्या वाकड्या करंगळीलाही जागा होती.

तिने पात्यावरून हळूच अंगठा फिरवला. काहीच झालं नाही. दाबून फिरवला.

"धार नाही लावली?"

"नाही." नवनाथ पँटला हात पुसत म्हणाला, "ती तू सांगशील तेव्हा. नाही सांगितलंस तर राहू दे अशीच."

तिने सुरी खाली ठेवली.

"कानस थांबली की तू घाबरून दारात येतेस," तो म्हणाला. "मला कळायचं ते. म्हणून मग मी थांबतच नव्हतो. सुरीचं काम नसलं तरी लाकडाचा एखादा तुकडा घासत बसायचो."

 इतके महिने आपण याला सांभाळतोय, असं दीपमाला समजत होती.

तिने डोळे पुसले. दाराआडच्या खिळ्यावरची पिशवी काढली.

"बाजारात निघालीस?" नवनाथने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "अण्णांना बोलावून घेऊ का?"

तिने चपला घातल्या. एक पाय चुकला, तो पुन्हा घातला.

"नको. मला वेळ लागेल," ती म्हणाली. "येईपर्यंत धार लावून ठेवा."