बोट लागलं की

ट्रॉय पाचवी फेरी संपवून भिंतीकडे येत होता, तेव्हा ग्लेनिस छातीभर पाण्यात निवांत उभी होती. अडुसष्ट वर्षांची बाई, घाई कसली? हा गडी सहाव्या फेरीला ढेपाळतो, हे तिनं तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहून ठेवलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी याच लेनमध्ये त्यानं डल्सीचा घोटा धरून तिला मागे खेचलं होतं. नाकातोंडात पाणी गेलेली डल्सी खोकत भिंतीला लागली, तर हाच तोंड वर करून म्हणाला, "बोर्ड वाचता येतो ना, आजीबाई? मागच्यानं पायाला बोट लावलं की भिंतीशी थांबून वाट द्यायची." बोट लावणं वेगळं आणि घोटा ओढणं वेगळं, हे त्या दांडगटाला कोण सांगणार? तेव्हापासून डल्सी पाण्यात उतरली नव्हती. रोज सहाला यायची आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून बाकावर बसायची. "गुडघा धरलाय गं," म्हणायची. चाळीस वर्षांची मैत्रीण आपल्याशी खोटं बोलते, तेही या माणसापायी, याचा ग्लेनिसला संताप यायचा.

ट्रॉय वळला. ग्लेनिसनं भिंतीला लाथ मारली आणि त्याच्यामागे निघाली.

तलावाच्या मध्यावर तिनं त्याला गाठलं. त्याच्या तळव्याला दोनदा बोट लावलं, अगदी हलकेच, बोर्डावर लिहिलंय तसं. पलीकडच्या भिंतीशी रोजचे चौघे दम खात उभे होते. त्यांच्यादेखत त्याला थांबावं लागलं.

"तुम्ही? मला?" तो धापा टाकत म्हणाला.

"बोट लागलं ना?"

"लागलं."

"मग सरक, बाळा."

ती पुढे झाली आणि पुढे होताच तिनं वेग सोडून दिला. हनुवटी पाण्याबाहेर, हातपाय बेडकासारखे, बागेतल्या वाफ्यांवरून नजर फिरवत निघाल्यासारखी. डल्सी अशीच पोहायची. मागून पायाला बोट लागलं. पुन्हा लागलं. मध्यापर्यंत चारदा लागलं. समोरून दुसरे पोहणारे येत होते, त्यामुळे बाजूनं पुढे काढायची सोय नव्हती आणि भिंत अजून पंचवीस मीटरवर होती. ग्लेनिसला हा तलाव इतका आवडला नव्हता कधी.

भिंतीला हात लावून ती अदबीनं कोपऱ्यात सरकली. "जा हं आता."

"मुद्दाम करताय तुम्ही हे."

"बोर्ड वाचता येतो ना तुला?"

त्याच्यात पुढे जायचं त्राण नव्हतं. काठावर मागे कोपरं टेकून, पाय पाण्यात तरंगत सोडून तो श्वास घेत राहिला.

बाकावरची डल्सी उठली. एकेक करत तिनं कोटाची बटणं सोडली. आत पोहण्याचा निळा पोशाख होता. म्हणजे तीन आठवडे ही बया रोज तो घालून येत होती. ग्लेनिसचे डोळे भरून आले आणि तिला रागही आला.

डल्सी कठडा धरून शिडी उतरली. ट्रॉयकडे तिनं पाहिलंही नाही. तरंगणाऱ्या त्याच्या पावलाला तिनं बोट लावलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

ट्रॉयनं पाय आवरून घेतले.