शेवटचा बोर्ड

दवाखान्यातून घरी आल्यावर वायरमनने पहिलं काम हाती घेतलं ते स्वतःच उचकटलेले स्विचबोर्ड परत बसवायचं. डबल शिफ्ट झेपावी म्हणून त्याने झोप उडवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि दोन महिन्यांत भिंतीतून माणसं बोलायला लागली होती. लपवलेला माइक शोधताना त्याने घरातला एकही बोर्ड सोडला नव्हता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, ताणाने मेंदूत जे रसायन वाढतं तेच या गोळ्यांनीही वाढतं. उतू गेलं की नसलेलं ऐकू येतं. आई डबीत जपून ठेवलेले स्क्रू एकेक देत होती, तो आवळत होता. शेवटच्या बोर्डात, वायरींमागे, त्यानेच दडवलेली स्ट्रिप निघाली. चार गोळ्या शिल्लक. त्याची मूठ आपोआप मिटली. “काय रे, सापडला का तुझा माइक?” आईने विचारलं. “सापडला,” म्हणत त्याने मूठ सावकाश तिच्या हातावर उघडली. “यातूनच बोलायचे ते.”