पाकिटाची कड

"बसा मावशी. कुठे काढायचाय टॅटू?" मुलीने टॅटूवालीचा आव आणत खुर्ची ओढली आणि पायावर पाय टाकून बसली.

"अशी बसेल का ती?" आई म्हणाली.

"टॅटूवाली आहे ती. मानेवर साप असेल, नाकात तीन रिंगा असतील. कशीही बसेल. तू तुझे प्रश्न विचार."

आईने कागद उचलला. हिरव्या शाईत तेवीस प्रश्न. चार वाजता तिला टॅटूवालीकडे जायचं होतं. आज सुई नाही, नुसतं बोलणं. पुढून बटणं असलेलं सैल काहीतरी घाला, क्रीम लावू नका, मनातलं चित्र सोबत आणा, असं त्या बाईने फोनवर सांगितलं होतं. चित्र वेलीचं होतं. डावीकडे आधी छाती होती, आता काखेपर्यंत गेलेला व्रण होता. त्यावरून ती वेल चढवायची होती. दीड वर्ष झालं, आंघोळीला जाताना आई न्हाणीतल्या आरशावर टॉवेल टाकत होती. तो टॉवेल काढायचा, एवढीच हौस.

पण डॉक्टरांनी बजावलं होतं. काखेतल्या गाठी काढल्यात, त्या बाजूला जंतू शिरले तर हात सुजेल, आणि सुजला की पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही. त्या हातावर तर तिची नोकरी. म्हणून हे तेवीस प्रश्न. आणि म्हणून ही तालीम, कारण परक्या माणसासमोर तिची बोबडी वळते हे अख्ख्या घराला माहीत.

"शाई सगळ्यांना एकाच बाटलीतून लावता का?"

"छे छे. छोट्या कपात काढून घेतो. उरलेली फेकतो."

"फेकता ते कुणी बघितलंय?"

"मावशी, टॅटू काढायला आलात की धाड टाकायला?"

"नीट बोल गं."

"नीटच बोलतेय. चौथ्या प्रश्नाला तिने तुला बाहेर काढलं नाही तर नाव बदलेन मी."

आईला हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात ती त्या दुकानावरून दोनदा जाऊन आली होती. लोक भिंतीवरची प्रमाणपत्रं बघतात. हिने बेसिन कुठे आहे ते बघितलं, आणि दाराबाहेरच्या कचऱ्याच्या पिशवीत हातमोजे किती आहेत ते वरून मोजलं. गिऱ्हाइकं किती आली आणि हातमोजे किती निघाले, याचा मेळ तिला लागला नव्हता. त्यात ती टॅटूवाली फोनवर फार गोड बोलली होती. गोड बोलणाऱ्यावर आईचा जास्तच संशय. एकोणीस वर्षं ती इस्पितळाच्या तळघरात कामाला होती. वरून रक्ताने माखलेली हत्यारं येत, ती धुवायची, वाफवायची, पाकिटात घालून मशीनवर बंद करायची आणि परत वर पाठवायची. वर सगळे गोड बोलतात. खाली काय येतं ते तिला विचारा.

"सुई नवीन आहे कशावरून?"

"सीलबंद असते, मावशी. तुमच्यासमोर पाकीट फोडते."

"नाही. फोडायच्या आधी पाकीट माझ्या हातात द्यायचं."

"आणि बघून काय कळणार तुम्हाला?"

"कड." आईचा आवाज एकदम खणखणीत झाला. बोबडी कुठल्या कुठे गेली. "कंपनीची कड जाळीदार असते. आमच्या मशीनवर चिकटवलेली गुळगुळीत येते. आणि एकदा कापून पुन्हा बंद केलं की पाकीट बोटभर आखूड होतं. बाहेरच्याला पत्ता लागत नाही. मला नुसतं हाताला कळतं."

मुलीने पायावरचा पाय खाली घेतला.

"तुमच्या मशीनवर?"

"म्हणजे, तसल्या मशीनवर."

"आई. तुम्ही काय चिकटवता पुन्हा?"

इस्त्री केलेला कुडता खुर्चीच्या पाठीवर होता. आईने त्याचं वरचं बटण लावलं, काढलं.

"सगळीकडे करतात."

"काय करतात?"

"नळ्या. एकदा वापरून टाकून द्यायच्या असतात त्या. त्याच धुवून, त्याच पाकिटात. वरून सांगितलेलं असतं, मी कोण नाही म्हणणारी? आणि नुसत्या पाण्याने नाही धुवत आम्ही. औषधात रात्रभर बुडवतो. माझ्या हातची एकसुद्धा नळी मी तशीच वर पाठवलेली नाही."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. अनोळखी बाईकडे बघावं तशी.

"बाबांचा मूतखडा काढला, तेव्हा त्यांना नळी घातली होती. तुमच्याच इस्पितळात."

"त्यांची मी बाहेरून आणली होती," आई पटकन म्हणाली. सुटल्यासारखी. "समोरच्या औषधाच्या दुकानातून. चार पाकिटं बघितली, तेव्हा एक घेतलं. नर्सच्या हातात मी स्वतः नेऊन दिलं."

"आणि बाकीच्यांची?"

आईने पेनचं टोपण काढलं. सुईच्या प्रश्नापुढे 'पाकीट आधी हातात' असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं म्हणून पुन्हा गिरवलं.

"बाकीच्यांनी कधी विचारलं नाही," ती म्हणाली.