नागपूरचं विमान

विमानाचा पत्ता लागत नव्हता. नांदुरा स्टेशनाबाहेरच्या हॉटेलातल्या रेडिओने दुपारच्या बातम्यांत एवढंच सांगितलं: सकाळी कलकत्त्याहून नागपूरला निघालेलं विमान पोहोचलेलं नाही, शोध सुरू आहे.

धामणगाव बढ्याचे हिंमतराव बाकावरून उठले आणि पुन्हा बसले. त्यांचा मुलगा माणिक त्याच विमानाने येणार होता. नागपूरला उतरून संध्याकाळी पोहोचणाऱ्या गाडीने नांदुऱ्याला. तशी त्याची तार आली होती.

ते स्टेशन मास्तरांकडे गेले. "साहेब, कलकत्ता ते नागपूर किती लांब असंल?"

"सहाशे मैल. विमानाला तीन-साडेतीन तास."

सकाळी सातला निघालेलं विमान. आता दोन वाजून गेले होते. "आपल्या गाडीसारखा उशीर होत असंल ना कधी?"

मास्तरांनी मान खाली घातली. विमानात तेल मोजकंच असतं, हे त्यांना सांगवेना.

सुभद्राबाई बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. नवरा नको म्हणत असताना लेकाला घ्यायला त्या हौसेने आल्या होत्या. बातमी ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"इमानानं येयाची एवढी काय घाई पडली होती त्याले?"

हिंमतरावांना आता लपवणं जमेना. कलकत्त्याच्या कारखान्यात इंजिनियर असलेला माणिक तिकडच्याच एका मुलीशी लग्न करणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी तर मोताळ्याची सोयरीक पक्की केली होती. बोलावलं तरी लेक येत नव्हता.

"म्या तार केली होती," ते म्हणाले. "तुही तब्येत लय खराब हाये म्हून."

सुभद्राबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "माह्या मरणाचं खोटं सांगून तुमी लेकाले इमानात बसवलं?"

मग त्या उठल्या आणि एकट्याच फलाटावर जाऊन बसल्या.

दिवेलागणीला रेडिओ पुन्हा बोलला. विमानाचे तुकडे जंगलात सापडले होते. कोणीच वाचलं नव्हतं. हिंमतराव हॉटेलातून फलाटापर्यंत कसेबसे आले. बायकोला काय सांगायचं, ते त्यांना कळेना. तेवढ्यात नागपूरकडून येणारी गाडी धडधडत आली. उतरणाऱ्या माणसांकडे त्यांना बघवेना. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आबा! आई हाये ना?"

समोर माणिक उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. सुभद्राबाई धावत आल्या आणि त्यांनी लेकाला कवटाळलं.

"मी चांगली हाये रे बापा! पण तू... तू तं इमानात होता!"

"इमानात एकच जागा भेटत होती, आई." माणिक चाचरत मागे वळला. डब्याच्या पायरीशी एक मुलगी ट्रंक धरून उभी होती. भांगात कुंकू होतं. "आमी मागच्या महिन्यात लगन केलं. ही म्हणे, सासूबाईले पाहाले मीबी येते. मंग ते तिकीट सोडलं अन् काल दुपारी दोघंबी रेल्वेत बसलो."

तो बापाच्या रागाची वाट बघत उभा राहिला.

हिंमतराव पुढे गेले. मुलगी पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी तिला मध्येच धरलं आणि त्यांचा बांध फुटला. स्टेशनावरची माणसं थांबून बघू लागली. त्यांनी तिच्या हातातली ट्रंक घेतली.

"चाल माय," ते म्हणाले, "तुह्या घरी चाल."