पेशंटची मुलगी

आईचा हात फुगतोय. सुई शिरेतून निसटलीय, सलाइनचं पाणी कातडीखाली साचतंय, हे तिला पलंगाशेजारी नुसतं बसूनसुद्धा कळलंय. आणि ती काय करतेय? स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलीय. बाईंनी शिक्षा केलेल्या पोरीसारखी!

"अगं, चुरचुरतंय," आई म्हणाली.

"हो गं. बेल दाबलीय, येतील सिस्टर."

"सिस्टर येतील! मग तू काय भाजी विकतेस?"

आता हिनं काय सांगावं? ही सिस्टरच. चांगली मुरलेली, अंधारात शीर सापडेल अशी. पण ती नदीपलीकडच्या राज्यात. पूल ओलांडला की तिचं लायसन्स संपलं. इकडच्या लायसन्ससाठी अर्ज गेलाय, नोकरीसुद्धा ह्याच वॉर्डात ठरलीय, आईच्या घरापासून चालत येता येईल इतक्या जवळ. फक्त तो कागद यायचाय. आणि इन्चार्ज सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलंय, "तो येईपर्यंत तू इथे पेशंटची मुलगी. सलाइनला बोट जरी लावलंस तरी मला वर कळवावं लागेल. मग बस पुलापलीकडेच, आणि भेट आईला सुटीच्या सुटीला."

म्हणून हात मांड्यांखाली.

वॉर्डच्या पार टोकाला पडदे ओढलेत. तिथे कुणाचा तरी श्वास अडकलाय, सगळ्या सिस्टर तिकडेच धावल्यात. बेलचा लाल दिवा नुसता लुकलुकतोय.

आणि शेजारच्या पलंगावर बघा! तिथे एक ट्रकड्रायव्हर मेहुण्याच्या उशाशी बसलाय. त्यानं मजेत उठून मेहुण्याच्या सलाइनच्या नळीवरचं चाक फिरवलं. थेंब धबाधबा पडायला लागले.

"अहो काका, इतकं जोरात नको!" हिच्या तोंडून निघूनच गेलं.

"ताई, ह्याच्याहून लवकर माझी टाकी भरते."

"कमी करा आधी. त्यांच्या छातीवर ताण येईल."

त्यानं मुकाट्यानं चाक मागे घेतलं. त्याला कुणी काही बोलणार नाही. नातेवाईक काय, चाकं फिरवतातच! फिरवायचं नाही ते फक्त हिनं.

आईनं कण्हून हात हलवला. मनगटाच्या वर कातडी चकाकत होती, ताणलेली.

मग ही ड्रायव्हरकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, एक काम कराल? आईच्या नळीवरचं ते चाक..."

"तुम्हीच फिरवा की. हाताशी तर आहे."

"मला नाही चालत."

त्याला काही उमगलं नाही, पण उठला बिचारा. "वर की खाली?"

"खाली. खाली हो! अजून... हं, बस."

"ब्रेक लागला."

"आता ती उशी घ्या. हात उचलून तिच्यावर ठेवा. असा नाही, मनगट उंच. सावकाश, सुईला धक्का नको." सांगताना तिचे हात केव्हा बाहेर आले तिलाच कळलं नाही. आईपासून वीतभर अंतरावर हवेत उशी नीट करत होते, हवेत मनगट उचलत होते. ड्रायव्हर एकदा तिच्या बोटांकडे बघायचा, एकदा आईच्या हाताकडे, आणि तसंच्या तसं करायचा.

तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर धापा टाकत आली. हिचे हात परत मांड्यांखाली.

"सलाइन कुणी बंद केलं?"

"मी," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि उशी?"

"ती पण मीच."

"असं? हे कुठल्या ट्रकवर शिकलात?"

ड्रायव्हरनं मान खाजवली. "बघून बघून येतं हो मॅडम."

इन्चार्जनं हिच्याकडे बघितलं. बराच वेळ. ही फरशीकडे बघत राहिली, कानापर्यंत लाल. गेलं, सगळं गेलं, असं वाटलं तिला. पण इन्चार्ज आईच्या हाताशी आली. खाली वाकली, सुई काढली, कापूस ठेवला आणि म्हणाली, "दाबून धर. हे मुलीला चालतं."

हिनं कापूस दाबला. जीव लावून दाबला.

"काही आलं का लायसन्सवाल्यांकडून?" इन्चार्जनं जाता जाता विचारलं.

"नाही अजून. उठल्यासुटल्या फोनच बघत असते मी."

"बघ बाई. माझ्या पायांचे तुकडे पडलेत इथे." आणि चपला फटफटवत ती पुन्हा पडद्यांकडे पळाली. दुसऱ्या हातात सुई लावायला कुणाला तरी पाठवते म्हणाली.

हिची मान आपोआप वळली. पडद्यामागून इन्चार्ज कुणाला तरी ओरडून काही मागत होती, आणि काय मागतेय, ते कुठल्या कप्प्यात असेल, सगळं हिला इथे बसून कळत होतं. पाय जमिनीवर टेकवून ती अर्धवट उठलीच होती.

"कुठे निघालीस?" आई म्हणाली.

"कुठे नाही."

"मग बस इथे. माझा हा हात धर, चांगला आहे तो. तुझा तो कागद येईल तेव्हा येईल."

ती बसली. आईचा हात तिनं हातात घेतला. ऊबदार, हलका. आईनं समाधानानं डोळे मिटले.

थोडा वेळ गेला. मग हिची तीन बोटं हळूच घसरत मनगटाशी गेली, अंगठ्याच्या मुळाशी टेकली, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली.

"मोजू नकोस," आई डोळे न उघडता म्हणाली. "नुसता धर."

तिनं घड्याळावरची नजर काढून घेतली. बोटं तिथेच राहिली.