‘मासे’ नावाचा ग्रंथ

“‘इच्छेचं नियमन’? गुरुजी, या नावाला अथेन्समधलं कुत्रंसुद्धा हुंगणार नाही,” सोसिलस म्हणाला. ग्रंथांच्या नकला करवून त्या बाजारात खपवण्यात त्याचा हातखंडा होता.

फेडिप्पसचा चेहरा उतरला. अर्धं आयुष्य या लिखाणात गेलेलं. शिष्य गळत चाललेले. ग्रंथही पडून राहिला तर पाठशाळेला टाळंच लागायचं.

“मग काय नाव द्यायचं?”

“‘मासे’.”

“आत माशातला ‘मा’ नाही!”

“नसू दे. पलीकडच्या गुरुजींच्या ‘कुंभारा’त तरी मडकं कुठंय? नुसता न्यायाचा काथ्याकूट! पण खपला की नाही? गिऱ्हाईक एकदा गळाला लागू द्या, पुढचं माझ्यावर सोडा.”

फेडिप्पसने नाक मुरडत होकार दिला.

आणि ग्रंथ गावभर झाला. सोसिलसने पहिली प्रत घरी पाठवली, ती फडताळात तशीच राहिली. स्वतःचंच लिखाण उघडून काय वाचायचं?

एके दिवशी न्हावी आडवा आला. “डोळे उघडलेत, गुरुजी! माझं सगळं घाईपायी बिघडत होतं. आता आच वाढूच देत नाही.”

“शाब्बास! आच ताब्यात, तर सगळं ताब्यात.”

पाठोपाठ एका खलाशाची बायको म्हणाली, “पोटभर आशीर्वाद देते तुम्हाला. आमचे हे संध्याकाळी कुठ्ठे जात नाहीत आता. घरीच असतात, तृप्त.”

फेडिप्पसला भरून आलं. खलाशी माणूस, आणि इच्छा जिंकून बसला!

मग जहाजमालक नॉसिमाकसचं बोलावणं आलं. पाहुणे खूश झाले तर पाठशाळेला जागा देणार होता म्हणे. फेडिप्पस नवं वस्त्र नेसून गेला. बड्या मंडळींसमोर उभा राहून त्याने घसा खाकरला.

“मित्रहो, इच्छा म्हणजे—”

“इच्छा एकच, गुरुजी!” नॉसिमाकसने टाळी वाजवली. दोघे नोकर धगधगती शेगडी, तवा आणि हातभर लांबीची वळवळती वाम घेऊन आले. “आज तुमच्या हातचं!”

“माझ्या? अहो, माझ्या ग्रंथाचा आणि माशांचा काय संबंध?”

हास्याचा एकच स्फोट झाला. नॉसिमाकस डोळे पुसत म्हणाला, “विनोदही झकास करता की! अहो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मासे तळण्यावाचून दुसरं काय आहे त्यात?”