सोपं बाळंतपण

रखमाला सातवा महिना लागला, तशी प्रयागबाईनं सुनेच्या ताटातली नाचणीची भाकरी अर्धी केली.

"आत्याबाय, लय भूक लागते," रखमा हळूच म्हणाली.

"लागणारच गो. पण पोटात पोर वाढलं तर अडंल. मग डोलीत घालून महाडला नेईस्तवर वाटेतच जाशील. माझी थोरली जाव तशीच गेली." प्रयागबाईच्या आवाजात माया होती. सुनेच्या सुटकेसाठी तिनं सोमवारही धरले होते. "माझी पाच बाळंतपणं झाली. एकदा पण अडले नाय. सुईण यायच्या आधी मोकळी."

रखमानं ओटीकडे पाहिलं. तिचा नवरा कुशाबा कोयत्याला धार लावत बसला होता. पाचांतला तो एकटाच जगला होता, आणि पंचविशी गाठूनही उभा राहिला की आईच्या खांद्याला लागायचा.

"आणि बाकीची चार, आत्याबाय?"

"ती गेली. वरीस कुणी काढलं नाय." प्रयागबाईनं उरलेली अर्धी भाकरी टोपलीत झाकून ठेवली. "पण येताना एकानं पण मला त्रास दिला नाय."